इटलीत एक्स्चेंजला जायचंय, मिलान घेऊ की पाविया?

तुमचा प्रश्न असा आहे की कॉलेजच्या यादीत मिलान आणि पाविया दोन्ही आहेत, घरचे मिलानचा आग्रह धरतायत, आणि एका सत्रासाठी छोट्या गावात गेलात तर अडकून पडाल का. मी पुण्याहून जाऊन पावियालाच एक सत्र केलं, म्हणून तिथलंच सांगते. माझं मत स्पष्ट आहे: पाविया घ्या आणि आजपासून इटालियन शिकायला लागा. भाषेचं मनावर घेणार नसाल तर मात्र मिलानच बरं.

आधी ती अडकून पडण्याची भीती. मिलान तिथून जेमतेम ३५ किलोमीटर, आणि एस-१३ ही लोकल दिवसभर साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने असते. (कागदी तिकीट काढलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.) गावाची वस्ती ७० हजारांच्या आसपास आणि विद्यापीठात वीस हजारांवर विद्यार्थी. सगळं गाव विद्यार्थ्यांच्या तालावर चालतं, एकटं पडायला होत नाही. विद्यापीठ १३६१ सालचं. अलेस्सांद्रो व्होल्टा इथे शिकवायचा, विद्यापीठातल्या त्याच्या नावाच्या अंगणात त्याचा पुतळा आहे. मज्जासंस्थेच्या रचनेवरच्या कामासाठी १९०६ चं नोबेल मिळालेला कामिल्लो गोल्जी इथलाच प्राध्यापक. विद्यापीठाच्या कमानींखालून रोज वर्गात जाताना मला फार भारी वाटायचं, आजही आठवलं की वाटतं.

छोट्या गावाचा खरा फायदा म्हणजे तीच तीच माणसं पुन्हा भेटतात. मिलानमध्ये इंग्रजीवर निभावतं, आणि मग आपण एक्स्चेंजवाल्यांच्याच घोळक्यात राहतो. पावियात विद्यापीठाबाहेर पाऊल टाकलं की औषधाचं दुकान, घरमालकीण, पोस्ट, सगळीकडे इटालियनच. बाजारातल्या फळवाल्याचंच घ्या. तिथे मालाला हात लावायचा नसतो. काय आणि किती हवं ते सांगायचं, तो निवडून देतो. सप्टेंबरात मी नुसती बोटं दाखवायचे. थंडी पडल्यावर झाडावरची नारिंगी, मऊ 'काकी' (पर्सिमॉन) फळं आली, तेव्हा तो विचारायला लागला, आज खाणार की दोन दिवसांनी? त्याप्रमाणे पिकलेलं किंवा जरा कडक फळ काढून द्यायचा. एकदा बरं नव्हतं म्हणून गेले नाही, तर पुढच्या वेळी त्याने चौकशी केली. परदेशात आपली कुणीतरी दखल घेतं याचं मोल तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

आता अभ्यासाचं, कारण आपली मुलं इथेच गोंधळतात. इटलीत बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. आपल्याकडच्या पाच मिनिटांच्या व्हायव्हासारख्या नाहीत, पूर्ण विषयाची परीक्षाच तोंडी. खोलीत बाकीचे विद्यार्थी मागे बसून ऐकत असतात, कारण परीक्षा सर्वांसाठी खुली असते. तुम्ही प्राध्यापकांसमोर बसता आणि ते म्हणतात, कुठल्या विषयापासून सुरुवात करायची? मग तुम्ही बोलत राहायचं, मध्येच ते अडवतात, असं का ते विचारतात, कागदावर आकृती काढायला सांगतात. गुण ३० पैकी, उत्तीर्ण व्हायला १८. फारच उत्तम झालं तर तिसावर 'लोदे', म्हणजे विशेष शाबासकी. गुण तिथल्या तिथे सांगतात आणि बहुतेक ठिकाणी ते नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा बसता येतं. या तारखांना 'अप्पेल्लो' म्हणतात, एका परीक्षासत्रात एकाहून जास्त असतात. पाठांतरावर इथे निभाव लागत नाही. मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडायची सवय आधीपासून लावा, घरात कुणाला तरी समोर बसवून.

विषय निवडताना 'कोर्स इंग्रजीत आहे' एवढ्या शेऱ्यावर जाऊ नका. एकेका विषयाचं पान उघडून शिकवण्याची भाषा, परीक्षेचा प्रकार आणि सत्र बघा. पूर्ण सत्राचं ओझं ३० युरोपीय क्रेडिट धरतात. त्यातली तुमच्या कॉलेजात किती आणि कशाच्या बदल्यात धरली जातील, हे निघण्याआधी लेखी घ्या. तोंडी आश्वासन पुरत नाही. विभागप्रमुख मध्येच बदलले तर तुम्ही लटकता.

कागदपत्रांचं थोडक्यात. राहणं ९० दिवसांपेक्षा जास्त असेल तर पोचल्यावर कामाच्या ८ दिवसांत 'पेरमेस्सो दि सोज्जोर्नो'चा, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचा, अर्ज करायचा. त्याचा लिफाफा पोस्टात मिळतो, अर्जावर १६ युरोंचं मुद्रांक तिकीट लावायचं, आणि पोस्टाची पावती जिवापाड जपायची, कारण प्रत्यक्ष कार्ड यायला महिने लागतात. 'कोदिचे फिस्काले' हा आपल्या पॅनसारखा क्रमांक आहे. घराचा करार, फोनचं सिम, सगळीकडे मागतात.

राहण्याबाबत: पावियात बोर्रोमेओ (१५६१) आणि गिस्लिएरी (१५६७) अशी जुनी नामांकित वसतिगृहं आहेत, पण तिथे स्पर्धेतून प्रवेश असतो, त्यावर विसंबू नका. विद्यापीठाच्या गृहनिवास कार्यालयाला लवकर लिहा. खोली न बघता कुणालाही अनामत पाठवू नका. आणि जाड स्वेटर सोबतच न्या, कारण त्या भागात घरातलं हीटिंग नियमानुसार साधारण १५ ऑक्टोबरनंतरच सुरू होतं.

जेवणाची काळजी सगळ्यात कमी करा. पाविया जिल्हा म्हणजे इटलीचं भाताचं कोठार. तिथला तांदूळ रिसोत्तोसाठीचा, जाड आणि चिकट. आपल्या मऊ भाताला आणि खिचडीला झकास. मसूर, छोले कुठल्याही दुकानात मिळतात, आणि 'फारिना दि चेची' म्हणजे छोल्यांचं पीठ, जवळजवळ बेसनच, त्याचं पिठलं अगदी आपल्यासारखं होतं. हिंग, मोहरी, गोडा मसाला मात्र घरून न्या. पक्के शाकाहारी असाल तर ग्राना आणि पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, हे लक्षात ठेवून विचारून खा.

सत्र निवडायची मुभा असेल तर मी फेब्रुवारीचं सांगेन. हिवाळ्यात तिचिनो नदीकाठी इतकं दाट धुकं पडतं की छप्पर असलेला तो सुंदर पूल अर्ध्यातच दिसेनासा होतो, आणि आपल्या उन्हाला सरावलेल्या माणसाला ते दिवस जड जातात. वसंतात मात्र गावाबाहेर भातखाचरांत पाणी सोडतात. चेर्तोझा हा चौदाव्या शतकात सुरू झालेला मठ गावापासून आठेक किलोमीटरवर आहे, तिथवर सायकलने जाता येतं. फक्त त्या सत्राच्या परीक्षा जून-जुलैत असतात, तेव्हा व्हिसा मागताना आणि परतीचं तिकीट काढताना जुलैअखेरपर्यंतची मुदत धरा.