मुलींच्या शाळेतले उन्हाळी वर्ग (इंदूर): दोनच विषय घ्या, सातला सुरू करा, मागचं कच्चं पक्कं करा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न मला असा समजला. ट्रस्टची मुलींची शाळा आहे. नववीतून दहावीत आलेल्या आणि दहावीची परीक्षा देऊन अकरावीत जाणाऱ्या मिळून साठ-सत्तर मुली उन्हाळी वर्गाला यायला तयार आहेत. समितीच्या मनात सहा आठवडे, पाच विषय आणि शिवाय व्यक्तिमत्त्व विकास असा बेत आहे. तो झेपेल का, आणि नसेल तर काय ठेवायचं, हे तुम्ही विचारलंत.

असा नाही झेपणार. चार आठवडे आणि दोन विषय ठेवा: गणित, आणि प्रयोगशाळेसह विज्ञान. जमलं तर त्याच तासांत भाषेचं थोडं काम घाला, त्याबद्दल खाली लिहिते. व्यक्तिमत्त्व विकास काढून टाका. मुलीला स्वतःहून उत्तर मांडायला लावणारा गणिताचा तास तेच काम जास्त चांगलं करतो.

सगळ्यात आधी समितीला एक गोष्ट पटवा. आपल्याकडे सत्र १ एप्रिलला सुरू होतं आणि उन्हाळ्याची सुट्टी साधारण १ मे ते जूनच्या मध्यापर्यंत असते. म्हणजे सुट्टी लागते तेव्हा दहावीचे पहिले एक-दोन धडे शिकवून झालेले असतात. बहुतेक शाळा उन्हाळी वर्गात त्यापुढचे धडे घेतात. पालकांनाही ते बरं वाटतं, ‘पुढचं होऊन गेलं’ म्हणून. पण जूनमध्ये त्याच वर्गात निम्म्या मुलींचा धडा झालेला आणि निम्म्यांचा राहिलेला असतो. शिक्षकांना तो पुन्हा घ्यावाच लागतो, आलेल्या मुली कंटाळतात, न आलेल्या दबतात. शिवाय जी मुलगी नववीच्या बैजिक राशींतच अडली आहे, तिच्या डोक्यावरून दहावीची वर्गसमीकरणं दुसऱ्यांदा जातात. म्हणून उन्हाळ्यात पुढचा धडा अजिबात घेऊ नका. सातवी-आठवीपासून जे कच्चं राहिलंय ते शोधून काढा आणि तेवढंच पक्कं करा.

शोधायचं कसं? एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ४० मिनिटांची २० प्रश्नांची चाचणी घ्या. अपूर्णांकांवर ५, कंस आणि ऋण चिन्हांवर ५, घातांकांवर ४, गुणोत्तर व एककांवर ३, आलेख वाचनावर ३. दहावी झालेल्या मुली तेव्हा शाळेत येत नसतील, तर त्यांना नावनोंदणीच्या दिवशीच बसवा. एकूण गुण काढू नका. तक्ता करा: आडव्या ओळीत मुली, उभ्या रकान्यात हे पाच भाग. १२ गुण मिळालेल्या दोन मुली अगदी वेगळ्या ठिकाणी अडलेल्या असू शकतात, आणि बेरीज केली की नेमकं तेच झाकलं जातं. चुका ठरावीकच दिसतील. एक छेद दोन अधिक एक छेद तीन म्हणजे दोन छेद पाच. ‘अ अधिक ब’चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग, मधलं २अब गायब. ९ अधिक १६ चं वर्गमूळ ७. एक चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटीमीटर (खरं उत्तर १०,०००). यातली कुठली चूक किती जणींची, यावरून पहिल्या दोन आठवड्यांचं वेळापत्रक आपसूक ठरतं.

तुकड्या इयत्तेनुसार पाडण्यापेक्षा या तक्त्यावरून पाडा. दहावी झालेली मुलगी अपूर्णांकांच्या गटात नववीवाल्यांबरोबर बसली तर तिला पहिला दिवस जड जाईल, म्हणून गटांना ‘कच्चा’, ‘हुशार’ अशी नावं नकोत. नद्यांची द्या: शिप्रा, नर्मदा, चंबळ. एका तुकडीत २४ मुली, त्याहून एकही जास्त नको. प्रयोगशाळेत जोड्यांनी काम करायचं तर १२ जोड्या होतात, आणि एक शिक्षिका व एक मदतनीस एवढ्यांवरच नीट नजर ठेवू शकतात. दोन तुकड्या म्हणजे ४८ जागा. उरलेल्यांसाठी तिसरी शिक्षिका मिळाली तरच तिसरी तुकडी काढा. मदतनीस म्हणून बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. करणाऱ्या तुमच्याच माजी विद्यार्थिनी उत्तम, पण मे महिन्यात त्यांच्या स्वतःच्या परीक्षा असू शकतात, तेव्हा मार्चमध्येच बोलून ठेवा.

वेळ. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि अकरानंतर लू (उन्हाळ्यातला गरम वारा) वाहायला लागते. माळव्याच्या रात्री गार म्हणून प्रसिद्ध आहेत, सकाळही त्यामुळे नऊपर्यंत चांगली असते. तिचा पुरेपूर वापर करा. फाटक पावणेसातला उघडा. पहिला तास ७ ते ७.५५, दुसरा ८ ते ८.५५, मग २० मिनिटं सुट्टी, तिसरा ९.१५ ते १०.१५. सव्वादहाला सुटलेली मुलगी अकराच्या आत घरी पोचते. आठवड्याचे ५ दिवस, ४ आठवडे, म्हणजे २० दिवस आणि ६० तास. त्यातले शेवटचे दोन दिवस पुन्हा चाचणी आणि उजळणीसाठी ठेवले की शिकवायला १८ दिवस उरतात. घरचा अभ्यास अर्ध्या तासाचा, त्यापुढे नको. सुट्टीत घरकामातला वाटा मुलींवर वाढतो, आणि न झालेल्या गृहपाठाच्या भीतीनेच पुष्कळ जणी तिसऱ्या दिवशी येत नाहीत.

रसायनशास्त्राचा प्रयोग नेहमी सातच्या तासाला घ्या. तराजू आणि बर्नर चालू असताना पंखे बंद ठेवावे लागतात. वाऱ्याने इलेक्ट्रॉनिक तराजूचा आकडा स्थिर राहत नाही आणि ज्योत हलते. साडेनऊला बंद पंख्यांच्या प्रयोगशाळेत २४ मुली उभ्या करणं धोक्याचं आहे.

अकरावीच्या तयारीसाठी टायट्रेशन (ठरावीक आम्लाला नेमकं किती अल्क पुरतं ते थेंबाथेंबाने मोजणं) हा एकच प्रयोग नीट करून घेतलात तरी पुष्कळ झालं. १२ जोड्यांसाठी ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल १ लिटर लागेल: स्फटिक ६.३ ग्रॅम तोलून मोजपात्रात १ लिटरपर्यंत पाणी. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड दीड लिटर करा, म्हणजे ६ ग्रॅम. ते कागदावर तोलू नका, हवेतली ओल ओढून चिकटतं. काचेच्या भांड्यात तोला. विरघळताना गरम होतं, म्हणून थोडं थोडं टाका आणि गार झाल्यावरच पाणी पुरं करा. पिपेटने १० मिलिलिटर आम्ल घ्यायचं, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून दाखवणारा दर्शक), आणि ब्युरेटमधून (तोटीच्या मोजनळीतून) हायड्रॉक्साइड. रंग फिका गुलाबी होऊन अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. वाचन १० मिलिलिटरच्या आसपास यायला हवं. फार जास्त आलं तर ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला होता का ते आधी बघा. सगळ्या जोड्यांचं सारखंच जास्त येत असेल तर द्रावण बनवतानाच काहीतरी चुकलंय. मिनिटाभराने रंग उडाला तर मुली घाबरून आणखी थेंब टाकतात. तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उडतो, वाचन घेतलेलं तेच खरं. गणित करताना हमखास सुटतो तो २: ऑक्झॅलिक आम्लाच्या एका रेणूला हायड्रॉक्साइडचे दोन लागतात. पिपेट तोंडाने ओढू देऊ नका, रबरी फुगे आणा. आणि चष्मे प्रत्येकीला हवेत, जोडीत एक नव्हे.

भौतिकशास्त्रात व्हर्नियर (लघुत्तम माप ०.०१ सेंटीमीटर) आणि स्क्रू गेज (०.०१ मिलिमीटर) प्रत्येकीच्या हातात किमान दोनदा येऊ द्या. शून्य त्रुटी वजा करायची की मिळवायची, यावर अख्खा तास गेला तरी चालेल.

जीवशास्त्र घेणाऱ्या मुली गणिताच्या तासाला सूट मागतील, त्यांचे पालकही मागतील. देऊ नका. अकरावीचं भौतिक आणि रसायन सगळ्यांना सारखंच असतं. घातांक, आलेखाचा चढ, त्रिकोणमितीची गुणोत्तरं तिथे रोज लागतात. गणितातून सुटका म्हणून जीवशास्त्र घेतलेली मुलगी जुलैत भौतिकशास्त्राच्या पहिल्याच धड्यात अडकते.

आता भाषेचं. आपल्या मराठी घरांतल्या मुलींची इथे खास अडचण आहे. आजी ‘अपूर्णांक’ म्हणते, शाळेतलं हिंदी पुस्तक ‘भिन्न’ म्हणतं आणि अकरावीला माध्यम बदललं की तेच ‘फ्रॅक्शन’ होतं. गुणोत्तर, अनुपात, रेशो. वस्तुमान, द्रव्यमान, मास. घनता, घनत्व, डेन्सिटी. ‘प्रमाण’ तर फसवाच: मराठी गणितात तो दोन गुणोत्तरांच्या बरोबरीसाठी येतो, हिंदीत त्याचा अर्थ पुरावा. प्रत्येक मुलीने वहीच्या मागे तीन रकाने आखावेत आणि रोज ८ शब्द लिहावेत. १८ दिवसांत १४४ होतात आणि अकरावीच्या सुरुवातीला तेवढे पुरतात. याशिवाय रोज दहा मिनिटं इंग्रजी पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून त्यावर एक प्रश्न स्वतः तयार करायचा. वेगळा स्पोकन इंग्लिशचा कोर्स यापेक्षा जास्त काही देणार नाही.

संगणकाचा वर्ग यंदा नका घेऊ. दोघींत एक यंत्र नसेल आणि वीज गेल्यावर चालेल अशी सोय नसेल, तर निम्मा वेळ वाट बघण्यात जातो.

कोर्स कुठेही बिघडतो तो बहुधा उपस्थितीवरून. पहिला आठवडा भरलेला असतो, तिसऱ्यात लग्नसराई आणि आजोळ सुरू होतं. त्यामुळे नवं, अवघड काम पहिल्या दहा दिवसांत संपवा. प्रयोग, मोजमापं, प्रकल्प नंतर. प्रत्येक आठवडा स्वतःपुरता पूर्ण असू द्या, म्हणजे पाच दिवस चुकलेली मुलगी पुढच्या सोमवारी परत येऊ शकते. नाव नोंदवतानाच पालकांकडून गावाला जाण्याच्या तारखा लिहून घ्या.

शाळेच्या बस सुट्टीत बंद असतात. सुदामानगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर अशा भागांनुसार चार-पाच मुलींचे गट करून द्या, ऑटो ठरवणं पालकांना सोपं जातं. ७.२० पर्यंत न आलेल्या मुलीच्या घरी फोन गेलाच पाहिजे, रोज, एकही दिवस न चुकवता. मुलगी घरून निघाली आणि शाळेत पोचली नाही हे दुपारी कळणं आपल्याला परवडणारं नाही. इमारतीत पूर्ण वेळ एक बाई कर्मचारी हवीच. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाची पोलीस पडताळणी, मदतनिसांचीही. २०१२ च्या पॉक्सो (मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या) कायद्याखाली तक्रार कुणाकडे करायची, त्या व्यक्तीचं नाव पहिल्याच दिवशी वर्गात सांगा.

सुट्टीत सफाई कामगारही रजेवर असतात, हे समित्यांच्या लक्षातच येत नाही. स्वच्छतागृह अस्वच्छ असेल तर मुली पाणी पिणं टाळतात, आणि मे महिन्यात पाणी टाळलेली मुलगी चक्कर येऊन पडते. सफाईचे पैसे हिशोबात धरा, पॅड ठेवा, झाकणाची कचरापेटी ठेवा. क्षारसंजीवनीची पाकिटं नसली तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. सुट्टीत कैरीचं पन्हं मिळालं तर उत्तमच.

फीचा हिशोब मिळतील त्या पैशांवरून नका मांडू, लागणाऱ्या खर्चावरून मांडा. समजा एका तुकडीचे ६० तास, तासाला ५०० रुपये मानधन: ३०,०००. मदतनीस, सफाई आणि बाई कर्मचारी १०,०००, रसायनं आणि छपाई ५,०००. एकूण ४५,०००. २४ पैकी ४ जागा विनाशुल्क ठेवा आणि भागाकार २० ने करा: २,२५० रुपये. पावती वेगळी, आणि कोर्स ऐच्छिक असल्याचं तिच्यावर छापलेलं. लू वाढली की जिल्हाधिकारी शाळांच्या वेळेबद्दल आदेश काढतात, म्हणून जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांना आधीच लेखी कळवा आणि वर्ग थांबवावे लागले तर पैसे कसे परत करणार तेही पावतीवरच लिहा.

एखादी कोचिंग संस्था ‘आम्हीच सगळं चालवतो, तुम्ही फक्त वर्गखोल्या द्या’ म्हणत येईल. नकार द्या. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत कोचिंग केंद्रांनी १६ वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना घेऊ नये, माध्यमिक परीक्षेनंतरच घ्यावं, असं म्हटलेलं आहे. तुमच्या दहावीतल्या मुली त्याच वयाच्या. आणि त्यांचा सगळा भर पुढच्या धड्यांवर असतो, जे आपल्याला नकोच आहे.

शेवटच्या दोन दिवसांत तीच २० प्रश्नांची चाचणी आकडे बदलून घ्या आणि प्रत्येक मुलीचा पाच रकान्यांचा तक्ता, आधीचा आणि नंतरचा, एका कागदावर तिच्या वर्गशिक्षिकेला द्या. तो जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आधी पोचला तरच उपयोग.

एक प्रकल्प मात्र जरूर करा, त्याला पैसे लागत नाहीत. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, सुमारे २२.७ अंशांवर आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. दर रविवारी घरच्या अंगणात किंवा गच्चीवर १ मीटरची काठी सरळ उभी करून दुपारी १२.२३ ला सावली मोजायची. ओळंबा लावून काठी सरळ करा. एक अंश कलली तरी पावणेदोन सेंटीमीटरची चूक येते. पाच मिनिटांचं काम, डोक्यावर ओढणी किंवा टोपी. मेच्या पहिल्या आठवड्यात सावली १२ सेंटीमीटरच्या आसपास असेल, १५ तारखेच्या सुमारास ७, २५ ला ३. लांबी भागिले १०० म्हणजे टॅन, त्यावरून कोन, आणि कोनावरून आलेख. तो आलेख पुढे वाढवला की ७ जूनच्या आसपास शून्याला टेकतो. तोवर कोर्स संपलेला असेल, तरी त्या दिवशी मुलींना १२.२० ला शाळेच्या पटांगणात दहा मिनिटांसाठी बोलवा. सावली काठीच्या पायाशी नाहीशी होताना त्यांना स्वतःच्या आलेखासकट बघू द्या. त्यानंतर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरदुपारची सावली दक्षिणेला पडते, तेही घरी बघायला सांगा.