विकण्याआधी पाखाडीच्या पायऱ्या मोजा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागेना, म्हणून सकाळचा चहा झाल्याबरोबर लिहायला बसले आहे. मार्चमध्ये रिटायर होताय, डोंबिवलीतला तिसऱ्या मजल्यावरचा बिनलिफ्टचा फ्लॅट विकून गावचं जुनं घर दुरुस्त करून तिथे कायमचं राहायचं म्हणताय. मुलगी पुण्याला बोलावते आहे, वहिनी फ्लॅट विकू नका म्हणताहेत. हे सगळं बऱ्याच जणांचं असतं. पण तुमचं एक वाक्य वाचून मी थांबले. "घर पाखाडीखाली आहे, पण तेवढाच व्यायाम." पाखाडी म्हणजे रस्त्यावरून घरापर्यंत उतरणारी दगडी पायऱ्यांची वाट.

अगदी हेच वाक्य मी २०१८ साली ह्यांना ऐकवलं होतं.

आधीच सांगते, मी वकील नाही की सीए नाही. शिक्षिका होते. आता वय ७१, ह्यांचं ७७. मेडिक्लेम, पेन्शनचं गणित, सातबारा, घरपट्टी या गोष्टी तुम्ही बघितल्या असतीलच, त्यात जात नाही. माझ्या हातून जे चुकलं तेवढंच सांगते.

आमचाही फ्लॅट डोंबिवलीचाच. घर घेतलं माझ्या माहेरच्या वाडीत, उत्तर रत्नागिरीत. जांभ्याचं, कौलारू, पुढे ओटी, मागे पडवी, अकरा गुंठे आवार, दहा-बारा सुपाऱ्या आणि तीन हापूस. बघायला गेलो जानेवारीत. आंब्याला मोहोर, सकाळी थंडी, विहिरीला पाणी, रात्री आभाळभर चांदणं. जानेवारीत कोकणात गेलेला माणूस घर विकत न घेता परतला तरच नवल. रस्त्यापासून घरापर्यंत ४७ पायऱ्यांची पाखाडी होती, चिऱ्यांची. हे उतरता उतरता म्हणाले, "पायऱ्या फार आहेत गं." मी तेव्हा ६४ वर्षांची होते, शाळेत तीन मजले दिवसातून चारदा चढायची सवय. म्हटलं, व्यायाम होईल. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. माझं माहेर होतं, मला किती हौस आहे हे त्यांना दिसत होतं.

दिवाळीनंतर राहायला गेलो आणि डिसेंबरात डोंबिवलीचा फ्लॅट विकून टाकला. तिथे एकही पावसाळा काढायच्या आत.

पाखाडी पावसात कशी होते ते तुम्ही गाववाले असूनही विसरला असाल, कारण आपण मुंबईकर जातो ते मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्याला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चिऱ्यावर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाका, खराट्याने घासा, आठ दिवसांत पुन्हा हिरवं. पायऱ्यांची उंची सारखी नसते, एक चार बोटं तर पुढची वीतभर. धरायला काही नसतं. गॅसचा सिलिंडर वर रस्त्यावर उतरवून जातात, तिथून खाली आणायला माणूस बघावा लागतो. वाडीत बावीस घरं, त्यातली तेरा बंद. उरलेल्यांत सिलिंडर उचलू शकणारे दोघे, आणि ते दोघेही कामावर जाणारे.

३ जून २०२०चं निसर्ग वादळ आम्ही त्याच घरात काढलं. अर्धी कौलं गेली, सुपाऱ्या आडव्या झाल्या, पाच दिवस मोबाइलला रेंज नव्हती, लाइट एकोणतीस दिवसांनी आली. बंगलोरला मुलगा रडकुंडीला आला होता. तरीही खरं सांगते, त्या वादळाने आम्हाला हलवलं नाही. माणसं धावून आली, कौलं चढली, महिन्याभराने सगळं मार्गी लागलं. आम्हाला हलवलं न्हाणीघराच्या उंबऱ्याने.

जुलै २०२२. पहाटे साडेपाचला हे न्हाणीघरात पाय अडकून पडले, खुब्याचं हाड मोडलं. १०८ला फोन केला, गाडी चाळीस मिनिटांत आली. त्या मुलांना माझा मनापासून नमस्कार. पण गाडी आली ती वर रस्त्यावर. स्ट्रेचर पाखाडीच्या वळणावर फिरेना. मग शेजारच्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन बाजूंनी वासे बांधले, ह्यांना माझ्या दोन नऊवारी पातळांनी खुर्चीला आवळलं आणि चौघांनी उचललं. चौघांत एक साठीचा, एक पासष्टीचा. पाऊस कोसळत होता. मी मागून छत्री धरून चालत होते आणि पुढच्या माणसाची टाच बघत होते, प्रत्येक पायरीवर टाच घसरते की टिकते ते. सत्तेचाळीस पायऱ्या चढायला पस्तीस मिनिटं लागली. ह्यांनी तोंडातून आवाज काढला नाही, फक्त ओठ चावून रक्त आलं होतं ते नंतर गाडीत दिसलं.

ऑपरेशन चांगलं झालं. पण वॉकर घेतलेला माणूस पाखाडी चढत नाही. खाली आणलं ते तसंच खुर्चीत, आणि त्यानंतर पाच महिने ह्यांनी रस्ता बघितला नाही. फिजिओथेरपिस्ट २८ किलोमीटरवरून यायचा, दोन आठवडे आला, मग म्हणाला, मावशी, पावसात ही वाट मला नाही जमणार. रागवायचं तरी कुणावर?

आता वाटेसाठी ज्या सरकारी कार्यालयात खेटे घातले त्याबद्दल. नाव, गाव, तालुका लिहीत नाही, कारण घर अजून तिथेच आहे. आमच्या आवाराच्या खालच्या अंगाला बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा शेजाऱ्यांच्या सामाईक जमिनीतून आहे. तिथून रिक्षा आली असती तर आमचा सगळा प्रश्न मिटला असता. सातबाऱ्यावर सतरा नावं, अर्धी मुंबईत, एक बडोद्याला. कुणाचा विरोध नव्हता, पण सतराजणांच्या सह्या एका कागदावर कुठून आणायच्या? कुणीतरी सुचवलं म्हणून वाटेसाठी अर्ज केला.

सात महिने. अकरा फेऱ्या. दर वेळी ह्यांच्याजवळ शेजारची सून बसवायची, ४७ पायऱ्या चढायच्या, साडेसातची एसटी धरायची. तिथे गेल्यावर कधी साहेब दौऱ्यावर, कधी फाइल टेबलावर नाही, कधी नकाशाची प्रत जोडा, ती जोडली की चतु:सीमा लिहून आणा. एकदा चार तास बाकावर बसवून सांगितलं, आज मीटिंग आहे. शेवटी अकराव्या फेरीत एका कारकुनाने अर्ज उघडून वाचला, बहुतेक पहिल्यांदाच, आणि म्हणाला, "बाई, हा अर्ज शेतात जायच्या वाटेसाठी असतो. तुमचं घर आहे."

हे पहिल्या दिवशी सांगायला दोन मिनिटं लागली असती! आजही आठवलं की हात थरथरतात. कायदा तसा असेलही, माझं त्यावर भांडण नाही. पण ६८ वर्षांची बाई समोर अकरा वेळा उभी राहते आणि कुणी कागद वाचत नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

तेव्हा तुम्हाला एक सांगते. कुठल्याही कार्यालयात अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. महिन्याभरात काही हललं नाही तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज टाका, "माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली" एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आम्हाला लेखी काही मिळालं ते त्यामुळेच, पण हे शहाणपण आठव्या महिन्यात सुचलं. आणि वाटेचं म्हणाल तर, शेताच्या वाटेसाठी महसूल कायद्यात सोय आहे, पूर्वापार वाट कुणी अडवली तर १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली दाद मागता येते. आमची वाट यातल्या कशात बसेना. तुमच्या घरापर्यंत गाडीची वाट दुसऱ्याच्या जमिनीतून येणार असेल, तर घराच्या दुरुस्तीवर एक रुपया घालण्याआधी त्या वाटेचा हक्क रजिस्टर दस्त करून घ्या. तोंडी "अहो, तुमचीच जागा आहे" हे म्हणणारा असेपर्यंतच खरं असतं. त्याच्या मुलांचं काय ते कुणी सांगावं. दस्ताचा मजकूर मात्र वकिलाकडूनच करून घ्या, माझ्यावर जाऊ नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. माझं मत कडक वाटेल, पटलं तर घ्या.

फ्लॅट विकू नका. निदान दोन वर्षं नाही. अकरा महिन्यांच्या रजिस्टर कराराने भाड्याने द्या आणि गावी जून ते जून एक अख्खं वर्ष काढा. तुमची इमारत जुनी असेल तर पुढेमागे पुनर्विकासाला जाईल, लिफ्टसकट घर मिळेल. आम्ही विकल्यावर तीन वर्षांत आमच्या सोसायटीचं तेच झालं. शिवाय एकदा विकलं की टॅक्सचं घड्याळ सुरू होतं. नफ्यावरचा टॅक्स वाचवायचा तर दोन वर्षांत दुसरं घर घ्यायचं किंवा तीन वर्षांत बांधून पुरं करायचं, आणि रिटर्नच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम कॅपिटल गेन खात्यात ठेवायची. या घाईत माणूस समोर येईल ते घर घेतो. नियम बदलत असतात, सीएला विचारूनच काय ते करा.

पुण्याला मुलीकडे? जवळ राहा, एका घरात नको. हे माझं वैयक्तिक मत आहे, काही घरांत छान जमतं. पण मुलीची नोकरी उद्या हैदराबादला गेली तर त्या भागात तुमचं स्वतःचं कोण आहे, हे आधी बघा.

ज्येष्ठांसाठीच्या संकुलांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. माझी नणंद पुण्यात अशा ठिकाणी आहे आणि सुखात आहे. महारेराने, म्हणजे राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी नियम केले आहेत, रुंद दारं, रॅम्प, धरायच्या दांड्या, न घसरणाऱ्या फरश्या असं बरंच. ते कागदावर आहे ना, इमारतीत आहे का, हे टेप घेऊन मोजा. आणि एक प्रश्न विचाराच: आज आम्ही हिंडतेफिरते आहोत, उद्या अंथरुणाला खिळलो तर ठेवणार का? चोवीस तासांची बाई ठेवू देणार का? बऱ्याच ठिकाणी स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच प्रवेश असतो आणि पुढचं मोघम ठेवतात. डिपॉझिट किती दिवसांत परत, तेही लेखी घ्या.

आम्ही सध्या चिपळूणला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहोत, दुसरा मजला, लिफ्ट. हॉस्पिटल रिक्षाने दहा मिनिटं. चिपळूणचा विचार करत असाल तर २२ जुलै २०२१च्या महापुरात पाणी कुठवर चढलं होतं ते त्या इमारतीतल्या माणसांना विचारा, एजंटला नको. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. नुसता मजला वर असून भागत नाही, लिफ्टची मोटर, मीटर आणि पाण्याचा पंप खाली असतो.

वाडीतलं घर विकलं गेलेलं नाही. गिऱ्हाइकं येतात, पाखाडी उतरून घामाघूम होतात आणि आम्ही घेतलं त्याच्या निम्मी किंमत सांगतात. डोंबिवलीत आता परत घर घेणं आमच्या आवाक्यात नाही. शिमग्याला मी एकटी जाते, पालखी येते तेव्हा दार उघडं असावं म्हणून. ह्यांना यायचं असतं. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, पण एसटीची पहिली पायरीच त्यांना चढता येत नाही.

अजून एक. वहिनी नको म्हणताहेत ते नक्की कशासाठी, हे त्यांच्याकडून शांतपणे ऐकून घ्या. ह्यांनी मला एकदाच सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. वहिनींना गाडी चालवता येते का? तुम्ही आधी गेलात तर त्या घरात एकट्या राहू शकतील का? कटू बोलते आहे, माफ करा, पण दोघांपैकी एकजण कधीतरी एकटं राहणार आहे, आणि घर त्या एकट्या माणसाला झेपेल असं असायला हवं.

तर पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा पाखाडीच्या पायऱ्या मोजा. उंची टेपने घ्या, वळणं किती ते बघा, आणि रस्ता ते घर दोन खुर्च्या शेजारी शेजारी मावतील एवढी रुंदी सगळीकडे आहे का तेही. शक्यतो जुलैत जा. आकडे इथेच टाका, खालून गाडीची वाट निघते का आणि ती जमीन कुणाच्या नावावर आहे तेही लिहा. माझ्याकडे त्या अर्जांच्या सगळ्या प्रती आहेत, लागतील त्या देईन.