जुना गिझर बदलताय? टाइल्स फोडू नका

भाऊ, प्लंबर भिंत फोडायचं म्हणत असेल तर आधी टेप लावा. जुन्या गिझरच्या थंड-गरम पाइपांमधलं अंतर, ते भिंतीत कुठून निघतात, हूक किती उंचावर आहेत, सगळं मोजा आणि फोटो काढा. नवा गिझर त्याच क्षमतेचा, उभ्याच्या जागी उभाच घ्या. अंतरात थोडा फरक असला तर गरम पाण्याला चालणारे लवचिक कनेक्शन पाइप तो भरून काढतात.

खरी जोखीम जुना जोड सोडवताना असते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने तिथे क्षाराचा पांढरा खडा धरलेला असतो आणि जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आतून गंजलेला. एका पान्याने भिंतीतला एल्बो (पाइप वळवणारा जोड) घट्ट धरा, दुसऱ्याने नट फिरवा. एकाच पान्याने जोर लावला की एल्बो आतच तुटतो, मग टाइल्स फोडाव्याच लागतात.

क्षारामुळेच ग्लासलाइन (आतून काचेचा थर दिलेली) टाकी आणि मॅग्नेशियम रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी) असलेलाच गिझर घ्या, आणि तो रॉड दरवर्षी तपासा. दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह नवाच बसवा, त्याचं तोंड कधीही बंद करू नका. २५ लिटरचा गिझर भरला की नुसतं पाणीच २५ किलो, त्यामुळे जुन्या हुकांवर विसंबू नका.

अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, यात काटकसर नको. गरम नळाला सलग धार येईपर्यंत, म्हणजे टाकी पूर्ण भरेपर्यंत, गिझरचं बटण दाबायचं नाही.