दुबईचे बूट आणि नसलेलं बिल

प्रश्न: मी कारेलीबागेत राहते, शिक्षिका आहे. आम्ही पाच जण रोज सकाळी कमाटीबागेत धावतो. बडोदा मॅरेथॉनसाठी नाइकीचं एक ठरावीक मॉडेल हवं होतं, ते इथल्या शोरूममध्ये नव्हतं. ओळखीतून दुबईतल्या एका मुलाचा नंबर मिळाला, तो मूळचा बडोद्याचाच. दुकानातली किंमत अधिक 12 टक्के कमिशन, सगळं धरून घरपोच, असं त्यानं सांगितलं. पैसे त्याच्या वहिनीच्या खात्यात भरायचे, त्या रावपुऱ्यात राहतात. बुटांचे सहा जोड आणि माझा एक ट्रॅकसूट मिळून मी दोन वेळा यूपीआयनं 1,12,000 रुपये पाठवले. त्यातले माझे 24,500, बाकीचे चौघांचे. धावपळीचे म्हणून त्यांच्याकडून जोडामागे 300 रुपये मी वेगळे घेतले.

पहिले दोन जोड आणि ट्रॅकसूट 'कुणीतरी येत होतं त्याच्या बॅगेतून' आले, वहिनींनी आणून दिले. माझ्या बुटाच्या आतल्या लेबलवरचा कोड खोक्यावरच्या कोडशी जुळत नाही. मैत्रिणीच्या खोक्यावर अर्धवट खरवडलेलं रुपयांचं स्टिकर आहे. उरलेले चार जोड कुरिअरनं निघाले ते कस्टम्समध्ये अडकले. केवायसीसाठी आधार माझं दिलं होतं, म्हणून पत्र माझ्या नावानं आलंय. पार्सलवर 'भेट, वापरलेले कपडे, 25 डॉलर' असं लिहिलं होतं. तो म्हणतो, कस्टम्सचं तुमचं तुम्ही बघा, दिलेला माल परत घेणार नाही. मंडळी माझ्याकडे पैसे मागतायत. एकानं सुचवलं की आलेले दोन जोड 'ओरिजिनल' म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर विकून टाका. माझ्यावर गुन्हा होईल का? पैसे परत मिळतील का?

उत्तर: ताई, पत्रात चार भानगडी एकमेकींत गुंतल्या आहेत, पण मुदत आत्ता एकीलाच आहे. कस्टम्सच्या पत्राला वेळेत उत्तर गेलं पाहिजे, तेव्हा तिथूनच सुरू करतो.

डिसेंबर 2019 पासून परदेशातून टपालानं किंवा कुरिअरनं आलेला माल 'भेट' म्हणून ड्यूटी न भरता सोडवून घेता येत नाही. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. (अधिसूचना लिहिणाऱ्या साहेबांना बहीण असणार, असं मला तेव्हाही वाटलं होतं.) म्हणजे 'गिफ्ट टाकतो, ड्यूटी लागत नाही' हे त्या मुलाचं सांगणं मुळातच चुकीचं होतं. त्यात वर्णन खोटं, किंमतही खोटी. कस्टम्स कायदा 1962 च्या कलम 111 खाली असा माल जप्त होऊ शकतो, कलम 112 खाली दंड होऊ शकतो आणि कलम 125 खाली जप्तीच्या बदल्यात दंड भरून माल सोडवण्याची मुभा मिळू शकते.

तुम्ही पाठवलेले स्क्रीनशॉट मी दोनदा वाचले. एक जागा खुपते. त्यानं लिहिलंय, 'गिफ्ट टाकून पाठवतो, टेन्शन नको.' त्याखाली तुम्ही अंगठ्याचं चित्र टाकलंय. आपल्या भाषेत अंगठा दाखवणं म्हणजे समोरच्याला वाटेला लावणं, पण फोनवर त्याचा अर्थ होकार होतो आणि अधिकारीही तोच घेणार. म्हणून उत्तरात 'मला काहीच कल्पना नव्हती' असं लिहू नका. जे आहे ते लिहा. वर्णन त्यानं ठरवलं, मी ते लिहायला सांगितलं नव्हतं, त्याचे परिणाम मला माहीत नव्हते, खरी किंमत अमुक आहे, पैसे भरल्याचा हा पुरावा, नियमाप्रमाणे होणारी ड्यूटी भरायला मी तयार आहे. एवढं पुरे. ड्यूटी दुकानातल्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून काढतात आणि ती किंमत अधिक ड्यूटी यांच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागतो, तेव्हा आकडा बघून दचकू नका.

दुसरी अडचण मापांची. पार्सलमध्ये चार जोड आहेत आणि मापं 7, 9, 9 आणि 10. एकाच बाईच्या नावावर ही मापं बघून कुणीही विचारेल की हा विक्रीचा माल तर नाही ना. बनावट मालाच्या आयातीबाबत 2007 चे जे नियम आहेत, त्यांतून स्वतःच्या वापरासाठी आलेली छोटी पार्सलं वगळलेली आहेत. ती सूट हवी असेल तर चौघांची नावं, कुणाचं माप कोणतं आणि कुणी किती पैसे दिले याचा कागद उत्तरासोबत जोडा. चौघांनी त्यावर सह्या कराव्यात.

'मला नकोच तो माल' असं लिहून मोकळं होण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. कस्टम्स कायद्याच्या कलम 23 खाली मालावरचा हक्क सोडून ड्यूटीतून सुटता येतं खरं, पण त्या मालाबाबत गुन्हा झाल्याचं दिसत असेल तर ती वाट बंद होते. इथे दिसतंय. शिवाय तो माल तुमच्या भांडणातला मोठा पुरावा आहे.

गुन्ह्याचं म्हणाल तर एवढ्याशा प्रकरणात तुम्हाला कोर्टात उभं करतील असं मला वाटत नाही. दंडाची तयारी मात्र ठेवा.

आता पैशांचं. असे पक्षकार माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा सगळा जोर 'माल डुप्लिकेट आहे' हे दाखवण्यावर असतो. शिवण वाकडी, डिंकाचा वास, अमुक व्हिडिओत तमुक सांगितलंय. ते सिद्ध करणं कठीण. बहुतेक ब्रँड आपल्या अधिकृत विक्रेत्याबाहेर घेतलेल्या मालाची खातरजमा करून देत नाहीत आणि कंपनीच्या कागदाशिवाय तुमचा दावा 'मला वाटतं' एवढ्यावरच उरतो. तुमच्या हातात याहून धारदार हत्यार आहे आणि ते त्या मुलानंच दिलंय: 'दुकानातली किंमत अधिक 12 टक्के.'

या एका वाक्यानं तो विक्रेता न राहता तुमचा एजंट झाला. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 213 सांगतं की मालकानं मागितला की एजंटानं चोख हिशोब दिलाच पाहिजे. इथे मालक तुम्ही. तेव्हा त्याला नोटीस पाठवा, पण तिच्यात बूट खरे की खोटे हा वाद काढूच नका. मागणी एवढीच करा: प्रत्येक जोडाचं दुकानाचं मूळ बिल, दिरहममधली किंमत, ती कोणत्या खात्यातून भरली त्याचा पुरावा आणि कुरिअरची पावती. पंधरा दिवसांत. दुबईत 2018 पासून 5 टक्के व्हॅट आहे. नोंदणीकृत दुकानाच्या बिलावर 'टॅक्स इन्व्हॉइस' असं छापलेलं असतं आणि दुकानाचा पंधरा आकडी कर नोंदणी क्रमांक असतो. हातानं लिहिलेला कागद किंवा फोनवर बनवलेलं चित्र आलं तर याच दोन खुणा शोधा. आणि येणाऱ्या प्रवाशानं पर्यटक म्हणून विमानतळावर व्हॅट परत घेतला असेल, तर तोही हिशोबात यायला हवा, कारण तुमच्या खरेदीतून एजंटाला गुपचूप झालेला फायदा तुमचा असतो.

बिल आलं आणि जुळलं तर भांडण बरंच निवळेल. नाही आलं तर 'बिल असतं तर दिलं नसतं का?' हा प्रश्न ग्राहक आयोगापुढे तुमच्या वतीनं उभा राहील.

तो एक पळवाट नक्की शोधेल: 'मी नुसता मधला माणूस, माल दिला दुकानदारानं.' एजंट असूनही त्यानं तुमच्या सांगण्याप्रमाणे आणि नीट काळजीनं काम करायला हवं होतं, ते त्याच करार कायद्याच्या कलम 211 आणि 212 मध्ये आहे. आणि वहिनी जर म्हणाल्या की आम्ही तिकडच्या व्यापाऱ्यासाठी इथं पैसे गोळा करतो, तर त्यांना कलम 230 दाखवा. परदेशात राहणाऱ्या व्यापाऱ्यासाठी मालाच्या खरेदी-विक्रीचा करार करणारा एजंट स्वतः बांधला जातो, असं कायदा गृहीत धरतो. उलट काही ठरलं होतं हे त्यांनी दाखवायचं.

खरवडलेल्या स्टिकरचा फोटो पाहून मला हसू आलं. भारतात विक्रीसाठी आयात झालेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. दुबईतल्या दुकानातून उचललेल्या खोक्यावर रुपयांतली किंमत यायचं कारणच नाही. फोटोत 'सर्व करांसह' मधलं 'करांसह' स्पष्ट दिसतंय आणि खाली आयातदाराच्या पत्त्याचा पिनकोडही उरलाय. म्हणजे तो जोड बहुधा भारतातच, कुठल्या तरी सेलमध्ये घेतलाय. बूट अस्सल असेलही, पण 'दुबईहून आणला' हे खोटं आणि त्यावरचं कमिशनही खोट्यावर घेतलेलं. पुष्कळांचा समज याच्या उलट असतो: स्टिकर नसलं की माल नकली. परदेशातून स्वतःसाठी आणलेल्या वस्तूवर ते नसणारच.

तुमच्या जोडाचं वेगळं आहे. नाइकीच्या खोक्यावर आणि बुटाच्या आतल्या लेबलवर मॉडेलचे सहा अक्षर-आकडे, एक आडवी रेघ आणि पुढे रंगाचे तीन आकडे असा एकच कोड असतो. तुमच्या खोक्यावर आणि बुटात तीन आकडे तेच आहेत, आधीचे सहा वेगळे. चुकून दुसऱ्या खोक्यात गेला असता तर मॉडेल बहुधा दुसरं निघालं असतं. इथे मॉडेल तेच आहे आणि कोड वेगळा, म्हणून मला शंका येते.

शोरूमला वळसा घालून आणलेला अस्सल माल बेकायदा नसतो, हेही सांगून ठेवतो. 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं सॅमसंगच्या प्रिंटरांच्या दाव्यात तसा निकाल दिला आहे. तुमची चूक दुबईहून बूट मागवण्यात नाही.

तक्रार कुठे करायची? बडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 34 मुळे तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, त्यासाठी कुणाला दुबईला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, अर्ज ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतो. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायला हरकत नाही, पण तिथून पैसे मिळतील या आशेवर महिने घालवू नका. सामनेवाले म्हणून मुलाबरोबर वहिनींचं नाव घालायचंच. पैसे त्यांच्या खात्यात आले, माल त्यांनी हाती दिला आणि उद्या वसुलीची वेळ आली तर त्या रावपुऱ्यात सापडतील. दुबईतल्या माणसाकडून लाखभर रुपये वसूल करायला निघालात तर खर्चच त्याहून जास्त होईल. वहिनी कदाचित भल्या बाई असतील, दिराच्या शब्दावर खातं वापरायला दिलं असेल. नोटीस गेल्यावर घरातल्या घरातच काही तरी हलतं, हा माझा अनुभव.

चॅट पुसू नका, आपोआप मेसेज पुसले जाण्याची सेटिंग आजच बंद करा. पूर्ण चॅट काढून ठेवा आणि त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र करून घेऊ. आयोग पुराव्याच्या बाबतीत कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण समोरचा वकील 'स्क्रीनशॉट कुणीही बनवतो' म्हणतो तेव्हा तो कागद उपयोगी पडतो.

पोलिसांकडे? 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनची सोय पैसे जाताच खातं गोठवण्यासाठी आहे, आता महिने उलटलेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक दाखवायची तर सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दिसावं लागतं. खरवडलेलं स्टिकर त्या दिशेनं बोट दाखवतं, पण बिलाच्या नोटिशीचं उत्तर येऊ द्या. त्या उत्तरातला खोटेपणा तुमची फिर्याद जास्त भक्कम करेल.

मित्रमंडळींचा प्रश्न नाजूक आहे, आणि थोडा तुमच्याविरुद्ध जातो. त्यांच्या वतीनं एजंट तुम्हीच झालात. जोडामागे 300 रुपये घेतले नसते तर मी जास्त ठामपणे बोललो असतो. तरी करार कायद्याची कलमं 194 आणि 195 तुमच्या बाजूला आहेत: त्यांच्या संमतीनं तुम्ही दुसरा एजंट नेमून दिला असेल, तर तो थेट त्यांचा एजंट ठरतो. तुमची जबाबदारी त्याला निवडताना शहाण्या माणसाइतकी काळजी घेण्यापुरतीच. ज्या ग्रुपवर हे सगळं ठरलं त्यात चौघेही होते, दरपत्रक त्यांनी पाहिलं होतं, मॉडेल त्यांनी निवडलं. ते मेसेज जपून ठेवा. ते 1,500 रुपये मात्र आज परत करा. त्यामुळे तुम्ही धंदा करत होता हे म्हणणं लंगडं पडतं आणि ग्राहक म्हणून तुमची तक्रार टिकते. मग पाचही जण मिळून तक्रार करा. तुमच्याशी भांडून चौघांना काही मिळणार नाही, हे त्यांनाही पटेल.

सोसायटीच्या ग्रुपवर विकण्याची कल्पना ज्यानं दिली, त्याला चहा पाजा आणि विषय बदला. नकली माल स्वतःसाठी घेतला तर तुम्ही फसलेल्या. तोच 'ओरिजिनल' म्हणून विकला तर ट्रेडमार्क्स कायदा 1999 चं कलम 104 लागू शकतं: सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 ते 2,00,000 रुपये दंड. विकत घेणाराही तुमच्याच सोसायटीतला, म्हणजे फिर्यादी लिफ्टमध्ये रोज भेटणार.

कस्टम्सचं पत्र, बँकेचे दोन उतारे आणि खोकी घेऊन दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात कुठल्याही वकिलाला गाठा, माझ्याकडेच या असं नाही. ट्रॅकसूट तुम्ही दोनदा धुतलाय म्हणता, तर तक्रारीत त्याचं फक्त बिल मागा, तो नकली असल्याचं म्हणू नका. बूट मात्र आता घालू नका. ज्या लेबलवर कोड आहे ते घामानं पुसट होतं. बूट कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा, आणि कमाटीबागेत जुन्याच जोडानं धावा.