टीडीएस 4 सायकल म्हणतोय, पण हार्डनेस 3 का?

दादा, तुमच्या कूलिंग टॉवरच्या पाण्याचे आकडे बघूनच शंका आली. बोअरच्या मेकअप पाण्याचा (टॉवरमध्ये नव्याने भरतो ते) टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) 600, हार्डनेस (त्यातला चुना) 300, क्लोराइड 80, सगळे मिलीग्रॅम प्रति लिटर, आणि बेसिनमध्ये (टॉवरखालच्या टाकीत) टीडीएस 2400, हार्डनेस 900, क्लोराइड 400. तुम्ही 2400 भागिले 600 करून "4 सायकल (म्हणजे मेकअपच्या 4 पट घट्ट पाणी), सगळं ठीक" म्हणताय आणि तरी चिलरचं हेड प्रेशर (कंडेन्सरकडचा गॅसचा दाब) चढतंय. क्लोराइड कुठे बसत नाही, ते पाण्यातच राहतं, म्हणजे खरे सायकल 5. मग हार्डनेस 1500 हवा होता, 900 च मिळाला, तर 600 गेला कुठे? कंडेन्सरच्या ट्यूबांवर नि टॉवरच्या फिलवर (पाणी पसरवणाऱ्या थरांवर) चिकटला, कारण चुन्याचं असं आहे की पाणी तापलं की तो जास्त बसतो आणि सगळ्यात गरम जागा तर कंडेन्सरच, चिलरची उष्णता तिथेच पाण्यात येते. (जंतू मारायला हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, भरपूर मारत असाल तर त्यानेही क्लोराइड थोडं वाढतं, तेवढं धरा.)

तुमचं सर्क्युलेशन तासाला 100 घनमीटर आणि टॉवरमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचा फरक 5 डिग्री, म्हणजे बाष्पीभवन तासाला साधारण 0.76 घनमीटर. ब्लोडाऊन (घट्ट पाणी मुद्दाम बाहेर सोडतो ते) म्हणजे बाष्पीभवन भागिले (सायकल वजा 1), तर 5 सायकलला 0.19. हरवलेला हार्डनेस त्याला गुणून बघा, दिवसाला पावणेतीन किलोच्या आसपास चुना होतो! थोडा बेसिनच्या गाळात जात असेल, पण तरी.

आत्ता सायकल 3 वर आणा, ब्लोडाऊन 0.38 होईल, दिवसाला साडेचार घनमीटर पाणी जास्त जाईल, जाऊ द्या. ब्लोडाऊनचा व्हॉल्व्ह शिफ्टला दहा मिनिटं उघडायची पद्धत बंद करा, आमच्याकडे नाईटवाला उघडायचा विसरायचा आणि सकाळवाला दुप्पट सोडायचा, शेवटी कंडक्टिव्हिटी कंट्रोलर (पाण्यातले क्षार मोजून व्हॉल्व्ह आपोआप उघडणारा) लावला तेव्हा भांडणं थांबली. पण त्याचा सेटपॉइंट एकदा ठेवून विसरू नका, उन्हाळ्यात बोअरचं पाणी बदलतं.

सॉफ्टनरचं विचारलंत तर त्याने चुना थांबेल, पण टीडीएस कमी होत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं एवढंच. क्लोराइड तसंच वाढत राहणार आणि मऊ पाणी लोखंडाला खातं, त्यामुळे गंजरोधक डोस परत बसवावा लागेल. आधी ट्यूब उघडून साफ करून घ्या, साचलेल्या थरावर नुसतं केमिकल वाढवून काही होत नाही, व्हेंडर काहीही म्हणो. मग आठवड्याने तिन्ही आकडे परत टाका इथे.