ठाण्याहून नाशिकला कमी खर्चात वायनरी बघायच्या तर कोणत्या निवडाव्यात?

तुम्ही चौघं आहात, ठाण्याहून निघणार आहात, खर्च आटोक्यात हवाय आणि इतक्या वायनरींमधून कोणत्या घ्याव्यात ते ठरत नाहीये. मी घोडबंदर रोडला राहतो आणि हिवाळ्यात नाशिकची फेरी सहसा चुकवत नाही, म्हणून सांगतो.

टेस्टिंग, म्हणजे वेगवेगळ्या वाइन थोड्या थोड्या चाखून बघणं, कुठे शंभर रुपयांनी स्वस्त आहे हे शोधण्यात वेळ घालवू नका. पैसे जातात ते गाडीत, जेवणात आणि शनिवारच्या खोलीत. त्यामुळे आधी बाजू ठरवा, वायनरी मग. एक बाजू इगतपुरीजवळ, संजेगाव-कावनईची. तिथे ग्रोव्हर झांपा आणि व्हॅलोने आहेत. दुसरी गंगापूर धरणाजवळची. तिथे सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकींपासून थोड्याच अंतरावर आहेत. दिंडोरीकडे शांदों (Chandon) ही वायनरीही आहे, पण तिन्ही दिशा एका दिवसात करायला गेलात तर टॅक्सीचं मीटर बघत बसाल.

स्वतःची गाडी असेल तर मी इगतपुरी निवडेन. कसारा घाट चढलात की नाशिकपर्यंत जायची गरजच उरत नाही, मुक्कामाशिवाय रात्री घरी येता येतं. भिवंडीजवळच्या आमणेहून समृद्धी महामार्गानेही इगतपुरीला जाता येतं. वेळ वाचतो, पण टोल लागतो, म्हणून जाताना घाट आणि थकून येताना समृद्धी असं करा. व्हॅलोने लहान आहे, गर्दी कमी, आणि विचारलं तर माणसं मनापासून समजावून सांगतात. मात्र आधी फोन करून वेळ घ्या.

गाडी नसेल तर गंगापूर. सकाळची तपोवन एक्स्प्रेस ठाण्याला थांबते आणि संध्याकाळी तीच परतीला मिळते. नाशिकरोडहून चौघांत एक टॅक्सी. सुलाला फक्त टूर घ्या: द्राक्षं चिरडण्यापासून टाक्या, पिंपांपर्यंत सगळं नीट दाखवतात, पहिल्यांदा जाणाऱ्याने ते बघावंच. टेस्टिंग आणि निवांत बसणं यॉर्कला. (यॉर्क २०२१ पासून सुलाच्याच मालकीची आहे, पण जागा छोटी आणि धरणाचं पाणी समोर.) सोमा तिसरी म्हणून ठेवा, वेळ उरला तर. एका दिवसात दोनच्या वर टेस्टिंग केलीत तर जीभ काही ओळखत नाही, पैसे तेवढे जातात.

दोघांत एक टेस्टिंग घ्यायला संकोच करू नका. पांढऱ्या वाइनपासून सुरुवात करा, शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यॉ ब्लाँ, आणि शिराझसारखी लाल वाइन शेवटी. आणि कृपा करून त्याआधी झणझणीत मिसळ खाऊ नका! नाशिकची मिसळ खायलाच हवी, पण ती टेस्टिंगनंतर. तर्रीने तोंड पोळलं की नंतरच्या प्रत्येक घोटाची चव सारखीच लागते.

गाडी चालवणाऱ्याने एक थेंबही घ्यायचा नाही. चौघांनाही प्यायचं असेल तर ड्रायव्हरचे पैसे पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. तिथे काटकसर नको, घाटरस्ता आहे.

जानेवारी ते मार्च तोडणी असते, तेव्हा वायनरी खरोखर चालू दिसते. एप्रिलच्या छाटणीनंतर वेली बोडक्या असतात. फेब्रुवारीत जायचं तर मंगळवार-बुधवार निवडा, खोल्या बऱ्याच स्वस्त मिळतात. ड्राय डे आधी तपासा, वय २१ पूर्ण असल्याचं ओळखपत्र सोबत ठेवा.

बाटली घ्यायचीच असेल तर ठाण्याच्या दुकानात न मिळणारी घ्या. नेहमीच्या बाटल्या इथेही मिळतात, त्या उन्हातल्या डिकीतून कशाला आणायच्या.