बीएमएक्स रेसिंगमध्ये करिअर होतं का? नाहीच जमलं तर कोच म्हणून तरी नोकरी लागेल का?

मुलगा आठवीत आहे, नांदेडला राहता आणि व्हिडिओ बघून त्याला बीएमएक्सचं वेड लागलंय, असं तुम्ही लिहिलंय. बीएमएक्स रेसिंग म्हणजे छोट्या चाकांच्या सायकलींवरची, मातीच्या उंचवट्यांच्या ट्रॅकवरची शर्यत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. नुसत्या बीएमएक्स रेसिंगवर आज भारतात पोट भरत नाही. हा खेळ २००८ च्या बीजिंगपासून ऑलिम्पिकमध्ये आहे आणि त्यात अजून एकही भारतीय उतरलेला नाही. बाहेरही सगळं सोपं नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये महिला बीएमएक्सचा निधी बंद झाला, तेव्हा बेथनी श्रायव्हरनं शाळेत मदतनीस म्हणून काम केलं, लोकांकडून पैसे उभे केले आणि टोकियोत सुवर्ण घेतलं. तिचं झालं म्हणून आपल्या लेकराचं होईलच असं नाही.

दुसरा प्रश्न मात्र झोंबला. नाहीच जमलं तर कोच! म्हणजे पळता येत नाही त्यानं पळवायचं, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय.

मी परभणी जिल्ह्यातला. आधी जत्रेतल्या सायकल शर्यती, मग रोड, मग एमटीबीच्या, म्हणजे डोंगरी वाटांवरच्या सायकलच्या नॅशनल. मेडल नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणणारे येतीलच.

परभणीबाहेर एका पाहुण्यांच्या पडीक रानात आम्ही ट्रॅक बांधला. खरा ट्रॅक ३०० ते ४०० मीटरचा असतो. ८ जण एकदम सुटतात आणि ४० सेकंदांच्या आत खेळ खलास. ऑलिम्पिकचं सुरुवातीचं टेकाड ८ मीटरचं असतं, आमचं जेमतेम पुरुषभर उंच. पण खरी गंमत मातीची. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पहिल्या पावसात चाकाला गोळे धरते. उंचवटा फुगतो, बसतो, आकार म्हणून राहत नाही. मग वरची काळी उपसून खाली मुरूम टाकला, त्यावर क्रशरची डस्ट, टँकरनं पाणी आणि धुम्मस. शेजारचे शेतकरी बांधावर उभे राहून विचारायचे, "काय करायलात सर, शेततळं का?" गेट फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलं. पुढचं चाक अडवून उभी असलेली लोखंडी चौकट, खटका सोडला की पुढं आडवी पडते. हे कुठल्या शेताचं फाटक, असं तो शेवटपर्यंत विचारत होता.

या गेटवरच अर्धी शर्यत ठरते. दोन्ही पाय पॅडलवर, चाक गेटला टेकलेलं, आणि घोषणा संपल्यावर गेट कधी पडेल ते नक्की नसतं. ०.१ ते २.७ सेकंदांमध्ये केव्हाही. पोरं अंदाज बांधतात, आधीच उसळतात आणि गेटवर आदळतात. तेव्हा आमच्याकडं खो-खो खेळणारी एक पोरगी आली. स्वतःची सायकलही नव्हती तिच्याकडं, क्लबची चालवायची. पण पहिल्या उंचवट्यापर्यंत ती पोरांच्या पुढं. कारण सरळ आहे. खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल, हे तिच्या अंगात मुरलेलं. ती अंदाज बांधतच नव्हती, आवाजाची वाट बघायची आणि बसल्या जागेवरून सुटायची. त्या दिवसापासून सगळ्या बॅचला सरावाआधी खो-खो. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, म्हणजे हा खेळ आपल्या घरचा आहे. तो सायकलला का वापरू नये?

पुढं तीच पोरगी उंचवट्यांवर मागं पडायची. सीटवर बसून पॅडल मारत राहायची. तिथं पॅडल मारायचंच नसतं. चढाला अंग हलकं सोडायचं, उताराला हातापायांनी सायकल दाबायची, वेग तिथून येतो. सांगून कळेना, म्हणून मी तिच्या सायकलची चेनच काढून टाकली. मारायला पॅडलच नाही म्हटल्यावर अंग शिकलं. वेळ लागला, पण शिकलं.

एवढ्यात एका संस्थेनं सायकलिंग कोचची जागा काढली. मुलाखतीत एक साहेब म्हणाले, "ज्यानं स्वतः मेडल घेतलं नाही तो मेडल कसा घडवणार?" जागा एका मेडलवाल्याला गेली. माणूस चांगला, सायकल तर अशी चालवायचा की बघत राहावं. तो एकदा आमच्या ट्रॅकवर आला. एका पोरानं विचारलं, "सर, तिरक्या वळणात नजर कुठं ठेवायची?" तो म्हणाला, "ते आपोआप कळतं रे." त्याला आपोआपच कळलं होतं, त्याचा दोष नाही. पण पोराला आपोआप कळत नव्हतं म्हणून तर ते विचारत होतं! ज्याला एखादी गोष्ट तुकडे तुकडे करून शिकावी लागली, त्यालाच ते तुकडे दाखवता येतात. माझं मत आहे, कुणाला पटो न पटो.

आता उलटं उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर कुणी तरी सांगेलच. ब्रिटनचा जेमी स्टाफ बीएमएक्सचा जगज्जेता होता, मग ट्रॅक सायकलिंगमध्ये, म्हणजे गोल बांधीव ट्रॅकवरच्या शर्यतींत गेला, बीजिंगला टीम स्प्रिंटचं सुवर्ण घेतलं आणि पुढं अमेरिकेच्या स्प्रिंटर्सचा कोच झाला. असे असतात. त्याच्या संघातला क्रिस हॉयसुद्धा लहानपणी बीएमएक्स चालवायचा. म्हणून पोराला आत्ता बीएमएक्स करू द्या, सोळा-सतराव्या वर्षी ट्रॅक सायकलिंगला वळवता येतं, आणि तिथं भारतात निदान संघ तरी आहे. पुण्यात बालेवाडीला त्याचा ट्रॅक, म्हणजे वेलोड्रोम आहे.

कोच व्हायचं तर पदवी सोडू नका. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा डिप्लोमा सहसा पदवीशिवाय मिळत नाही, आणि स्वतः कुठल्या पातळीवर खेळलात तेही बघतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण आपली स्पर्धा त्या यादीत बसते का ते आधी तपासा, नुसत्या सर्टिफिकेटच्या फाइलवर जाऊ नका. आणि हेल्मेट तोंड झाकणारंच घ्या. टोकियोत कॉनर फील्ड्ससारखा आधीचा सुवर्णविजेता पडला आणि मेंदूत रक्तस्राव झाला.

नांदेडात कुणी शिकवतो म्हणाला तर त्याच्या घरच्या भिंतीवरची मेडलं बघत बसू नका. पोराला त्याच्यासमोर सायकल चालवायला लावा आणि विचारा, हा कुठं चुकतोय आणि उद्या सकाळी तुम्ही त्याच्याकडून काय करून घेणार. उत्तर आलं तर फी भरा. "जोर कमी पडतोय" एवढंच म्हणाला तर चहा पिऊन घरी या, मग त्यानं कुठलंही मेडल घेतलेलं असो.